शिरूरला उतरलेली पेटी

निहार आणि तारा,

मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितले की तुमचे आताचे गाव सोडायचे ठरले आहे, आणि नवे गाव कोणते ते तुम्ही दोघांनीही मत देऊन ठरवायचे आहे. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना कुठेही राहता येते, मग त्यांच्या मताने का नको, असे तिचे म्हणणे. तारा मागून ओरडून म्हणाली, "आजी, मी समुद्राला मत देणार!" मी हसले, फोन ठेवला आणि वही काढली. तुमच्या आईला ठाऊक आहे ते एवढेच की मी शिरूरला माझ्या आत्याकडे वाढले, आणि माझे आईवडील तिथून चार-पाच मैलांवर राहत. असे का, हे तिने कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आता सांगते, कारण आमच्या घरीही एकदा असेच मत घेतले होते. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते. पण ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे मराठीत बोलत, आणि त्यांचे बोलणे इंग्रजीत घातले तर मलाच ती ओळखू येणार नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

आमचे घर म्हणजे दौंडचे रेल्वे क्वार्टर. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे नळ, आणि कुंपणापलीकडे मालगाड्यांचे यार्ड. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मालधक्क्यावर क्लार्क होते. इंजिन येऊन वॅगनला टेकले की तो धक्का एकीवरून दुसरीवर असा लांबच लांब धावत जायचा आणि शेवटी आमच्या फळीवरच्या कपबशा किणकिणायच्या. पाहुणे त्या आवाजाने दचकून उठत. आम्हाला तो थांबला की जाग यायची. कोळशाची भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, म्हणून आई धुणे आतच दोरीवर टाकी आणि घराला कायम ओल्या कापडाचा वास असे. सकाळी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. रविवारी परतलेले सुकट, त्यात हात सोडून कांदा. दिवा लागला की तथागतांच्या तसबिरीपुढे बसून वंदना, आणि वंदना झाल्याशिवाय ताट नाही. थोरला भाऊ वसंत, मधली मी, धाकटी कमल. मला सगळे सुमी म्हणत. आबा मात्र पुरते सुमन म्हणायचे, जणू अर्धे नाव घेणे म्हणजे अर्धे काम करणे.

वसंत आणि मी आधी गावातल्या एका शाळेत जात होतो. एकदा वसंताने इंग्रजीत निबंध लिहिला, रेल्वे स्टेशनावरचा. मास्तरांनी तो वर्गापुढे धरला आणि विचारले, "कुठून उतरवलास?" वसंत म्हणाला, "मी लिहिला." मास्तर म्हणाले, "तुमच्या घरात एवढं इंग्रजी आलं कुठनं?" आणि हातावर छड्या. दुसऱ्या दिवशी आबा शाळेत गेले. ते इंग्रजीत बोलत राहिले आणि मास्तर मराठीत उत्तरे देत राहिले. दारात उभे राहून मी ते ऐकले. शेवटी मास्तर म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो, तुम्ही नोकरीत लागला. पण पोरांना आपापली पायरी ठाऊक पाहिजे." आबांनी टोपी सारखी केली, आम्हा दोघांचे हात धरले आणि चालू लागले. क्वार्टर येईपर्यंत त्यांनी हात सोडले नाहीत. दारात म्हणाले, "आपल्या घरात इंग्रजी कुठनं येतं ते उद्यापासून बघा."

घरची शाळा सुरू झाली ती अशी. स्वयंपाकघराच्या दाराला आबांनी काजळी आणि डांबर फासून फळा केला. भाकरी थापता थापता आईला सारखे दार लोटावे लागे, आणि भूगोलाच्या मध्यावर फळ्यावरचा भारत आत जाऊन वाफेत परत यायचा. वॅगनवर लिहिलेल्या ठिकाणांवरून आम्ही नकाशा शिकलो. गणित मालाच्या चढउताराचे: कोणते पोते कुठल्या स्टेशनला उतरणार, मग ते वॅगनमध्ये कुठे ठेवायचे? "जो माल आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा," हे आमच्याकडे पाढ्यासारखे म्हटले जाई. इंग्रजी संध्याकाळी, आबा ड्यूटीवरून आले की. त्यांचे इंग्रजी जुन्या वळणाचे, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. पुढे मी जिथे जिथे नोकरी केली तिथे माझ्या इंग्रजीचे कौतुक झाले, आणि प्रत्येक वेळी आधी अभिमान वाटला आणि मग लगेच दुसरे काहीतरी वाटले, ज्याविषयी हे लिहिते आहे.

आमच्या शाळेचा एक रिवाज होता. शनिवारी काय शिकायचे, ते मतदानाने ठरे. पितळी तांब्यावर फडके टाकायचे, आणि प्रत्येकाने मूठ आत घालून ज्वारीचा दाणा नाहीतर चिंचोका टाकायचा. कुणी काय टाकले ते विचारायचे नाही. चार वर्षांच्या कमललाही मत होते, आईलाही होते. "ज्याला विचारलं नाही, त्याच्यावर काही लादायचं नाही," आबा म्हणत. "शाळेत तुम्हाला कुणी विचारलं होतं का? इथं विचारतो." हे बोलताना त्यांचा आवाज बदलत असे. आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी कधीच काही विचारले नव्हते, हे आम्हाला न सांगताही कळत होते. त्या तांब्याला मी देवघरासारखे मानत होते, असे म्हटले असते तर आबांना आवडले नसते, पण ते खरे आहे.

मग एके दिवशी मालधक्क्यावर पोत्यांची थप्पी कोसळली आणि आबांचा पाय कायमचा अधू झाला. नोकरी सोडावी लागली, म्हणजे क्वार्टरही सोडायचे. आई पडवीत बसून राही. आबा मात्र, निदान आमच्यापुढे, उत्साहात होते. "आता मी पूर्णवेळ तुमचा मास्तर," ते म्हणाले. "शाळा आपल्याबरोबर चालते. मग जायचं कुठं, ते शोधा." दोन जागा पुढे होत्या. एक दौंडातच, रुळांपलीकडे, भाड्याच्या दोन खोल्या. दुसरी शिरूरच्या वर, घोड नदीच्या काठी. तिथे आत्याच्या यजमानांचा छोटा मळा होता आणि मळ्यात दगडी भिंतींचे, पत्र्याचे एक रिकामे घर. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. ते शिरूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आत्या आणि ते गावातच राहत. मूलबाळ नव्हते. आबांनी कामे वाटून दिली. दौंडची जागा वसंताने पाहायची. शिरूरला मी जायचे, आत्याकडे राहायचे, मळा पाहायचा, गाव पाहायचे आणि परत येऊन फळ्यापुढे उभे राहून सांगायचे: पाणी कसे, उजेड कसा, माणसे कशी, पुस्तके कुठे मिळतील.

मला किती मोठे झाल्यासारखे वाटले, ते आज कसे सांगू? आबा मला एसटीने सोडायला आले. न्हावऱ्याच्या स्टँडवर त्यांनी भजी घेतली, स्वतः एकच खाल्ले आणि पुडा माझ्या हातात दिला. शिरूरला तेव्हाची म्हातारी माणसे घोडनदीच म्हणत. आता शिरूरहून शिक्रापूरपर्यंत जायला ट्रकच्या रांगेतून वाट काढावी लागते. तेव्हा टांग्याच्या घोड्याला रस्त्याच्या मधोमध उभे राहून विचार करायला सवड होती.

आत्या उंच, खरखरीत आवाजाची. तिचे घर दोन खोल्यांचे, शेणाने सारवलेले, आणि मागे शेवग्याचे झाड. पहिल्याच दिवशी शेजारच्या गंगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हीच व्हय?"

"व्हय, हीच," आत्या म्हणाली.

"सावळी हाय, पण नाकीडोळी नीट हाय. आन् इंग्रजी बोलती म्हनं?"

"बोल गं सुमे, काय तरी बोल."

मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "धिस इज अ व्हेरी क्लीन हाउस." गंगूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "काय म्हनली? काय म्हनली?"

"घर फार स्वच्छ आहे म्हणाले."

"मग ऱ्हा की हितंच!"

"आम्हाला मळ्यात राहायचंय," मी सांगितले. "अजून ठरलं नाही. मी पाहायला आले आहे."

गंगूबाईंनी आत्याकडे पाहिले. आत्या चुलीतले लाकूड पुढे ढकलत राहिली.

त्या दिवसांत बऱ्याच बायका येऊन गेल्या. एकीने माझ्याकडून भाकरी थापून घेतली आणि ती टम्म फुगली तेव्हा आत्याच्या मांडीवर चापट मारली. एकीने माझी वेणी हातात घेऊन जोखली. मी समजले, दौंडच्या पाहुणीचे कौतुक चालले आहे. मामांनी मला मळ्यात नेले. नदीला तेव्हा गुडघाभर पाणी होते आणि ते घराच्या उंबऱ्यातून दिसे. मी विहिरीत डोकावले, पत्रा गळतो का विचारले, कडुनिंबाखाली सावली कुठवर पडते ते पावलांनी मोजले, कारण वर्ग तिथे भरणार होता. मामा पाठीवर हात बांधून माझ्यामागून हिंडत होते. "आमची इन्स्पेक्टरीणबाई," ते म्हणाले, "काय शेरा मारती बघू." मी म्हणाले, "उत्तम." त्यांना इतका आनंद झाला की मला वाटले, घर वापरात येणार म्हणून असेल.

एका दुपारी आत्या शेवग्याखाली बसून माझ्या डोक्याला तेल लावत होती. तिची बोटे जाड होती, पण ती केस ओढत नसे. मागूनच तिने विचारले, "सुमे, तुला करमंल का गं घोडनदीत?"

मी कामावर पाठवलेल्या माणसासारखा विचार केला. बाजार होता, वाचनालय होते, नदी होती, आत्याच्या भोपळ्याच्या घारग्या होत्या. "करमेल की," मी म्हणाले. "छान करमेल."

मग तिने वेणी घातली, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या.

परत आल्यावर मी फळ्यापुढे उभी राहिले. वसंताने रुळांपलीकडच्या खोल्यांविषयी आधीच सांगितले होते: खाली दारूचे दुकान, नळाला भांडणे, खिडकी भिंतीकडे. मी मळ्याचा नकाशा काढला. कडुनिंब, विहीर, नदी. शिरूरच्या वाचनालयाविषयी सांगितले, आत्याच्या घारग्यांविषयी सांगितले. आबा समोर पाय लांब करून बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि आत्याकडं करमलं तुला?"

"हो, फार."

आई उठून आत गेली. दाराचा फळा तिच्यामागे लोटला गेला आणि माझा नकाशाही आत गेला. वसंत खाली पाहत होता.

मग तांब्या आला. ज्वारी म्हणजे दौंड, चिंचोका म्हणजे मळा. आबांनी फडके काढून तांब्या ताटात उपडा केला. चार चिंचोके आणि ज्वारीचा एक दाणा. कमल टाळ्या वाजवू लागली. मी वसंताला चिडवले, "तूच टाकलास ना दाणा? तुला यार्ड सोडवत नाही." तो ताटातले चिंचोके वेचू लागला. आबा म्हणाले, "गुप्त मतदान. विचारायचं नाही." मला त्या दिवशी झोपेपर्यंत वाटत होते की हे घर मी मिळवून दिले.

जायच्या सकाळी ट्रक आला. आबांनी काठी टेकत स्वतः माल चढवून घेतला. पलंग, पिठाचे डबे, पुस्तकांची खोकी, बिजागऱ्या काढून सोडवलेला फळा, कारण ते दार आम्ही रेल्वेकडे परवानगी मागून घेतले होते आणि बदल्यात नवे बसवून दिले होते. सगळ्यात शेवटी, अगदी मागच्या फाळक्याशी, माझी पत्र्याची पेटी. नियम मला पाठ होता. मी विचार केला, मळ्यात पोचल्यावर माझी पेटी सगळ्यांत आधी उतरणार, कारण वर्ग मांडायचे काम माझे. मी ट्रकच्या मागे वसंताशेजारी बसले, पेटीवर पाय ठेवून. वसंताने वाटेत त्याचा ॲटलास माझ्या मांडीवर ठेवला. "ठेव तुझ्याकडं," म्हणाला. तो ॲटलासला कुणाला हात लावू देत नसे. मला वाटले, नव्या घराचा आनंद त्यालाही झाला आहे.

शिरूरला आत्याकडे जेवण होते. घारग्या, झणझणीत रस्सा, भात. गंगूबाईसुद्धा वाढायला आल्या होत्या. जेवण झाले, आम्ही हात धुतले, मी पुन्हा ट्रककडे गेले तर ड्रायव्हरने फाळका खाली घेतला होता आणि माझी पेटी खांद्यावर घेऊन तो आत्याच्या दाराकडे निघाला होता.

"ओ ड्रायव्हरकाका, ती नाही उतरवायची. आपल्याला अजून पुढं जायचंय."

"हीच उतरवायची हाय, ताई. दौंडातच सांगितलंय मालकांनी. ही पेटी घोडनदीत, बाकी समदं वर मळ्यात."

मी आबांकडे पाहिले. ते ओट्यावर काठी धरून बसले होते. आबा खरे काही बोलायचे असले की मराठीत बोलत. इंग्रजी शिकवण्यासाठी होते. ते म्हणाले, "सुमन, लिसन टू मी." आणि पुढचे सगळे इंग्रजीत. आत्या दिवसभर एकटी असते. मुलीला शाळेचा दाखला हवा, घरच्या शिकण्याला कुणी विचारत नाही. वसंत बाहेरून परीक्षेला बसू शकेल, मुलीचे तसे नसते. इट इज ऑल सेटल्ड. दारातल्या बायकांना कळू नये म्हणून इंग्रजी. आणि मला प्रत्येक शब्द कळत होता, कारण तो प्रत्येक शब्द त्यांनीच मला शिकवला होता.

मी मराठीत विचारले, "मला विचारलं का?"

"विचारलं ना," आबा म्हणाले, आता मराठीत. "तूच सांगितलंस वर्गात, सगळ्यांपुढं. करमलं म्हणालीस."

आई ट्रकच्या पुढच्या बाजूला कमलला घेऊन आधीच बसली होती. ती खाली उतरली नाही. मी चाकाशी जाऊन उभी राहिले तेव्हा तिने हात खाली सोडून माझ्या डोक्यावर ठेवला. "येत जाईन मी," म्हणाली. "नीट ऱ्हा." कमल विचारत होती, "सुमी का नाही बसत?" वसंत मागे माल धरून बसला होता, पाठ माझ्याकडे करून. ट्रक सुरू झाला तेव्हा मला कळले की पेटी फाळक्याशी होती याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नियम मलाच नव्हे, त्या घरात प्रत्येकाला पाठ होता.

मी त्या रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आत्याला वाटले, नवलाई आहे, निवळेल. तिने घारगी गरम करून पुढे ठेवली. मी विचारले, "मला न्यायला कधी येणार?"

"कोन? कुठं न्यायला?"

"मळ्यात. आबा. किती दिवसांनी?"

आत्या चुलीपासून उठून आली. "म्हंजी? तुला सांगितलं न्हाई?"

"काल सांगितलं. ट्रकपाशी."

ती उंबऱ्यावर खाली बसली. एवढी उंच बाई, पण बसली ती पोतं टाकल्यासारखी. "अगं पोरी, तुझ्या बापानं घर मागितलं. मी म्हनलं, घर घे, मला एक पोर दे. हितं शिकवीन, सांभाळीन. यात लपवायचं काय? पर मी म्हनलं व्हतं, आधी तिला इचार. तो म्हनला, बघून जाऊ दे, मग इचारतो. आन् परवा सांगावा धाडला, इचारलं, खुशीनं येतीया." तिने कपाळावर हात मारला. "मला बी फशिवलं की गं भावानं. मी काय चोरून आनली व्हती तुला?"

मामा दवाखान्यात जायला निघाले होते, ते दारातच थांबले. "काय झालं?"

"काय झालं काय! पोरीला ठाऊकच न्हाई. चला, टांगा सांगा. सोडून येऊ तिला."

"आणि घर?" मी विचारले. मला वाटले, मी परत गेले तर त्यांना मळा सोडावा लागेल.

"घराचं काय? दिलं ते दिलं," आत्या म्हणाली. "भाऊ हाय माझा. उघड्यावर टाकीन व्हय त्याला?" मग तिने माझी हनुवटी धरली. तिचे डोळे लाल झाले होते. "सुमे, आता मी इचारतीया. मला बरं वाटंल म्हनून सांगू नगं. जातीस का ऱ्हातीस?"

मामांनी टांगा सांगितला नाही. ते डबा तसाच हातात धरून उभे राहिले. मला आठवते, मला मळ्यात जायचे होते. कडुनिंबाखालची जागा मी मोजली होती. आईजवळ झोपायचे होते. पण मी परत गेले असते तर पुन्हा त्या फळ्यापुढे बसले असते, आणि पुढच्या शनिवारी तांब्या आला असता, आणि मला त्यात मूठ घालावी लागली असती. ते माझ्याच्याने झाले नसते. मी घारगीचा तुकडा मोडला. विचारले, "शाळेत नाव घालायला कोण येणार?"

"मी येनार," आत्या म्हणाली. "आन् मास्तर वाकडं बोलला तर त्याला मराठीत सांगंन."

मी राहिले. हे ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण ते शहाणपण नव्हते. तो राग होता, आणि रागाला राहायला जागा हवी होती. पुढे काही आठवड्यांनी मामांबरोबर मी मळ्यात गेले. वर्ग कडुनिंबाखालीच भरला होता. फळा झाडाला टेकवून ठेवला होता आणि माझ्या पाटावर कमल बसली होती. मला पाहून आबा मोकळेपणाने हसले. "या, या, पाहुण्या आल्या. चहा टाका." मी उभ्याउभ्याच विचारले, "आबा, दौंड निवडून आलं असतं तर?"

"आलं नसतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला ओळखत नव्हतो का?"

त्यांना वाटले, या उत्तराने मला बरे वाटेल.

ज्वारीचा तो एक दाणा आईचा होता. हे तिने मला फार वर्षांनी सांगितले, माझे लग्न ठरले त्या सुमाराला, लसूण सोलता सोलता. दौंड निवडून आले असते तर मला द्यावे लागले नसते, म्हणून. ती म्हणाली, "तेवढं केलं मी." मी तिचा हात धरला, आणि मनात आले: एका दाण्याएवढेच. चारचौघांत "पोर देत नाही" एवढे तीन शब्द पुरले असते. मी हे तिला बोलले नाही. वसंताने पुढे एकदा सांगितले की आबांनी त्याला शपथ घातली होती. ॲटलास मी त्याला परत केला, तो त्याने घेतला नाही, आणि मग बरीच वर्षे तो आमच्या दोघांच्या घरांमध्ये येत-जात राहिला.

तुम्ही विचाराल, आबा वाईट होते का? नव्हते. अधू पाय, तीन मुले आणि डोक्यावर छप्पर नाही, अशा माणसाने काय करावे? ते मला चाळिशीतच समजले. पण समजणे ही एक गोष्ट आणि राग जाणे ही दुसरी. त्यांनी मला पडवीत बसवून सांगितले असते, "सुमन, आपल्याला घर हवं आहे आणि त्यासाठी तुला आत्याकडं राहावं लागेल," तर मी रडले असते, आदळआपट केली असती, आणि गेले असते. बहुतेक मुली जात. त्यांनी मला आत्याला दिले, याचे दुःख कधीतरी पुसट झाले. त्यांनी तांब्या पुढे केला, त्याचे दुःख मात्र पुसट झाले नाही. आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी मी त्यांना सगळ्यांहून मोठे मानत होते, तीच त्यांनी माझ्याविरुद्ध वापरली.

तुमची आई तशी नाही. ती खरेच विचारत असेल. तरीही मत देण्याआधी तिला दोघांनी मिळून विचारा: हे आधीच ठरले आहे का? ठरले असेल तर तसे सांग, आम्ही येऊ. ती रागावणार नाही. रागावली तर हे तिला वाचायला द्या.

दौंडची ती क्वार्टर्स पाडली. मळ्यातले घर नदीच्या एका पुरानंतर पुन्हा बांधले नाही. आबा आणि आई शेवटी वसंताकडे राहिले, आणि आता ती तिघेही नाहीत. कमल पुण्यात आहे, गुडघ्यांनी त्रस्त आहे. आत्या आणि मामाही गेले, पण त्यांचे शिरूरचे घर आहे. जमिनीला फरशी आली, चुलीच्या जागी गॅस आला, शेवगा एकदा वादळात पडून पुन्हा फुटला. तुमचे आजोबा गेल्यापासून मी इथेच राहते आणि हे याच घरात बसून लिहिले. आबांनी शिकवलेले इंग्रजी आहे. राग आहे, पूर्वीपेक्षा कमी. जागा पुष्कळ आहे.